हेअरवुडची दोन दप्तरे

लीड्सच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये हेअरवुड नावाचे गाव आहे. गावाचे नाव लिहिल्याप्रमाणे उच्चारतात. तिथल्या प्रासादाचा आणि अर्लच्या किताबाचा उच्चार मात्र ‘हारवुड’ करण्याची जुनी रीत आहे. अनुवादकाला असल्या गोष्टींचा उगाच नाद असतो. पण इथे दोन उच्चारांसारखी दप्तरेही दोन आहेत.

पहिले दप्तर वाचायला सुखाचे. 1759 मध्ये एडविन लॅसेल्सने बांधकाम सुरू केले. आराखडा जॉन कारचा, आतली सजावट रॉबर्ट अ‍ॅडमची, बागा ‘केपेबिलिटी’ ब्राउनच्या, आणि फर्निचर थॉमस चिपेंडेलचे. चिपेंडेलचे एकूण काम दहा हजार पौंडांच्या वर गेले असे सांगतात. घराण्याच्या जमीनजुमल्याची कागदपत्रे लीड्सच्या अभिलेखागारात आहेत. कलेचे अभ्यासक त्यावर पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत.

दुसरे दप्तर साखरेचे. एडविनचा बाप हेन्री बार्बाडोसमध्ये जकात अधिकारी होता, लंडनमध्ये वेस्ट इंडीजशी व्यापार करणारा पेढीवाला होता आणि मळेवाल्यांचा सावकारही होता. हेअरवुडची जमीन त्यानेच 1739 मध्ये घेतली. पुढे 1770 आणि 80 च्या दशकांत कर्जे थकली, तसे गहाण पडलेले मळे माणसांसकट लॅसेल्सांच्या हाती आले. तोवर प्रासाद उभा राहिला होता. म्हणजे मळ्यांच्या मालकीच्या आधी मळ्यांवरचे व्याज आणि दलाली आली. ‘साखरेच्या पैशाचा महाल’ या सोप्या वाक्यात हा क्रम हरवतो.

पेढीची पत्रबुके तिची वारसदार असलेल्या लंडनच्या एका कचेरीत जपलेली होती. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. त्याआधी रिचर्ड पेअर्स या इतिहासकाराने ती वाचून हाताने टिपणे काढली होती. ती ऑक्सफर्डला आहेत. पेअर्सला रस होता व्यापारात, पतपुरवठ्यात. त्याने जे उतरवून घेतले नाही ते त्या कचेरीबरोबर गेले. प्रतीवरून प्रत करणाऱ्याच्या आवडीवर इतके काही अवलंबून असावे, हे माझ्या धंद्यात कुणालाही अस्वस्थ करणारे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस हेअरवुडमध्येच वेस्ट इंडीजची आणखी कागदपत्रे जीर्ण अवस्थेत सापडली. यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत त्यांची डागडुजी झाली, आणि 2006 मध्ये एस. डी. स्मिथ यांचा या घराण्यावरचा ग्रंथ आला.

मळ्यांच्या याद्यांत माणसे गुरांच्या आगेमागे येतात: नाव, काम, किंमत. मराठीत लिहिताना ‘गुलाम’ हा शब्द पटकन हाताशी येतो, आणि परका असल्यामुळे सोयीचाही वाटतो. आपल्याकडच्या पेशवेकालीन कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ आहेत. त्यांचीही खरेदी होई, त्यांचीही किंमत लिहिली जाई. बार्बाडोसच्या यादीतल्या बाईला मी कुणबीण म्हटले तर दोन वेगळ्या व्यवस्था एक होतील, ते चूक ठरेल. नाही म्हटले तर वाचकाला वाटेल की हा मामला समुद्रापलीकडचाच. मी ‘गुलाम केलेली बाई’ असे लिहिते. वाक्य लांबते, लांबू दे.

गुलामगिरी रद्द करणारा कायदा 1833 चा. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. हेअरवुडच्या दुसऱ्या अर्लला बार्बाडोस आणि जमैकातल्या सहा मळ्यांवरच्या 1277 माणसांसाठी 26,309 पौंड मिळाले. म्हणजे दरडोई साधारण साडेवीस पौंड. त्या 1277 जणांना काही मिळाले नाही, उलट 1838 पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावे लागले. घराण्याने बार्बाडोसमधला शेवटचा मळा विकला तो 1975 मध्ये.

माणसांची नावे हवी असतील तर तिसरीकडे जावे लागते. लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सरकारने ठेवलेल्या गुलामांच्या नोंदवह्या आहेत. बार्बाडोसच्या वह्या 1817 पासूनच्या. त्यांत नाव आहे, वय आहे, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा तेही आहे. आडनाव बहुतेकांना नाही. मालकाचे नाव मात्र वर संपूर्ण, किताबासकट.