चवीच्या पसंतीची सांख्यिकी : कसोटीच्या निवडीचा इतिहास

कोपरगावच्या ऊसपट्ट्यात गुळाचे तीन नमुने त्याच दहा परीक्षकांना चाखावयास दिले, असे समजू. गुणांची सरासरी काढून टी-कसोटी लावण्याचा मोह होतो; परंतु पसंतीचे गुण हे क्रम होत, वजने नव्हेत. चुकीच्या कसोटीने एखाद्या गुऱ्हाळाचा चांगला गूळही मागे पडेल.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये चहाच्या आठ पेल्यांचा प्रयोग ग्रंथबद्ध केला. त्यांपैकी चारांत दूध आधी ओतलेले. निव्वळ अंदाजाने सर्व ओळखण्याची संभाव्यता ७० त १. मात्र तो ओळखीचा प्रश्न होता, आवडीचा नव्हे. आवडीसाठी मिल्टन फ्रीडमन (पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे हेच) यांची १९३७ ची क्रमाधिष्ठित कसोटी अधिक योग्य ठरते. तीत प्रत्येक परीक्षकाचे क्रम त्याच्यापुरतेच लावले जात असल्याने उदार व कंजूष परीक्षक एका पातळीवर येतात. नमुने दोनच असतील, तर विल्कॉक्सन यांची १९४५ ची चिन्हांकित-क्रम कसोटी पुरते.