व्हिवा चिले! (अल्बम)

व्हिवा चिले! (अर्थ: चिली चिरायू होवो!) हा चिली देशातील इंती-इल्लिमानी या संगीतवृंदाचा अल्बम असून तो १९७३ साली इटलीत प्रकाशित झाला. मायदेशाचे दरवाजे बंद झाल्यानंतर वृंदाने प्रकाशित केलेला हा पहिला अल्बम होय.

पार्श्वभूमी

सांतियागो येथील राज्य तंत्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली या वृंदाची स्थापना केली. केचुआ भाषेत 'इंती' म्हणजे सूर्य, तर इल्लिमानी हा बोलिव्हियातील ला पाझ शहराजवळील पर्वत. लोकसंगीताला सामाजिक आशयाची जोड देणाऱ्या 'नुएव्हा कान्सिओन' (नवे गीत) या चळवळीत वृंदाला महत्त्वाचे स्थान होते. राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांच्या आघाडीचा त्याने उघड पुरस्कार केला होता.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले, त्या वेळी हा वृंद युरोपच्या दौऱ्यात इटलीत होता. याच चळवळीतील गायक व्हिक्टर हारा यांची काही दिवसांतच हत्या झाली. परतीचा मार्ग बंद झाल्याने वृंदाने इटलीतच आश्रय घेतला.

स्वरूप

अल्बममध्ये आयेंदे यांच्या आघाडीचे प्रचारगीत 'व्हेन्सेरेमोस' (आम्ही जिंकू), व्हायोलेता पारा यांचे 'रिन देल आन्हेलितो' आणि वृंदाचे संगीत दिग्दर्शक ओरासिओ सालिनास यांची 'आल्तुरास' ही केवळ वाद्यांवरील रचना यांचा समावेश आहे. चिलीत विजयाच्या विश्वासाने गायिलेली गीते येथे पराभवानंतर परक्या श्रोत्यांपुढे आली. त्यामुळे शब्द तेच राहूनही त्यांना प्रतिकाराचा अर्थ प्राप्त झाला.

केना (उभी धरून वाजवायची बासरी), सांपोन्या (एकत्र बांधलेल्या नळ्यांचे सुषिरवाद्य), चारांगो (लहान आकाराचे तंतुवाद्य) आणि बोंबो (मोठा ढोल) ही आंदीज परिसरातील वाद्ये वृंदाच्या वादनात प्रमुख आहेत.

प्रभाव

स्पॅनिश न जाणणाऱ्या इटालियन श्रोत्यांपर्यंत 'आल्तुरास' सहज पोहोचली व विशेष लोकप्रिय झाली. वृंदाचे कार्यक्रम चिलीच्या जनतेला पाठिंबा मिळवण्याचे साधन बनले. पुढे इटलीतील दीर्घ वास्तव्यात वृंदाच्या संगीतात युरोपीय छटाही मिसळत गेल्या.

निर्वासितांवरील बंदी उठल्यावर १८ सप्टेंबर १९८८ रोजी, म्हणजे चिलीच्या राष्ट्रीय दिनी, वृंद मायदेशी परतला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ ऑक्टोबरच्या सार्वमतात मतदारांनी हुकूमशहा आउगुस्तो पिनोशे यांची राजवट पुढे चालू ठेवण्यास नकार दिला.