दूरदृश्य बैठकीचे गणित

कळंबहून यवतमाळची फेरी वाचविण्यासाठी दूरदृश्य बैठक सोयीची. मात्र जिल्ह्यातील १६ तालुके परस्परांशी थेट जोडल्यास प्रत्येकाला आपले चित्र १५ ठिकाणी पाठवावे लागते. एकूण प्रवाह २४०! मध्ये सर्व्हर ठेवल्यास कळंबहून एकदाच चित्र पाठवून भागते. अर्थात भार नाहीसा होत नाही, तो सर्व्हरवर जातो. सर्व चित्रे एकत्र करून पाठविणारा सर्व्हर बँडविड्थ वाचवितो, पण त्यासाठी शक्तिशाली, महागडे संगणक लागतात. चित्रे न मिसळता पुढे धाडणारी ‘जित्सी’सारखी मुक्तस्रोत प्रणाली त्या मानाने स्वस्त, परवाना शुल्कही नाही. खरी बचत केवळ वक्त्याचे चित्र मोठे ठेवून इतरांची लहान किंवा बंद करण्यात आहे. मंद जोडणीवर आधी आवाज जपावा. चित्र अडखळले तरी बैठक चालते.