ओपिनेल : एका साध्या चाकूचा इतिहास

गेल्या वैशाखात माझा नातू प्रथमच हिमालयात पदभ्रमणास निघाला. सामानाच्या यादीत ‘चाकू’ या शब्दापुढे त्याने प्रश्नचिन्ह घातले होते. बाजारात त्याला दोनच प्रकार दिसले : एक महाग, पाठीवर करवतीचे दाते मिरवणारा, दुसरा स्वस्त, पण हाती घेताच खिळखिळा. स्वस्तपणा आणि टिकाऊपणा एकत्र नांदू शकतात काय, असे त्याने मला विचारले. उत्तरासाठी मी त्याला एक जुनी हकीकत सांगितली. तीच येथे देतो.

आल्प्स पर्वताच्या कुशीतला सॅव्हॉय प्रांत १८६० साली फ्रान्सकडे आला. तेथील मोरिएन खोऱ्यात, एका लहानशा वाडीत, ओपिनेल घराणे शेतकऱ्यांसाठी धारेची अवजारे घडवीत असे. १८७२ साली जन्मलेल्या जोसेफला यंत्रांची विलक्षण ओढ. वडिलांचे मन नसतानाही १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने खिशात मावेल असा घडीचा चाकू सिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी आणि गुराखी. चाकूचे भाग अवघे चार : लाकडी मूठ, पोलादी पाते, एक खिळा आणि मुठीच्या तोंडाशी बसविलेले धातूचे कडे. मुठी कापण्यासाठी जोसेफने स्वतः यंत्र योजले. किंमत आवाक्यात राहिली ती या साधेपणामुळे. पोलादात काटकसर करून नव्हे.

१८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा क्रमांकांचे आकार ठरविले. त्यांतील १ आणि ११ हे क्रमांक १९३० च्या दशकात बंद झाले. आठव्या क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. फळापासून दोरीपर्यंत सारे कापण्यास ते पुरते.

या चाकूत एक उणीव मात्र दीर्घकाळ राहिली : उघडलेले पाते जोर देताना अवचित मिटू शकत असे. या उणिवेचे मोल मी जाणतो. नोकरीत दौऱ्यावर असताना, मुक्कामी दोरी कापताना, दुसऱ्याच एका बनावटीचा घडीचा चाकू माझ्या तर्जनीवर मिटला होता. तो व्रण आजही आहे. ओपिनेल घराण्यातील मार्सेल यांनी १९५५ साली मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसविली. ती फिरविली की पाते जागच्या जागी अडकते. पासष्ट वर्षांत झालेला मोठा बदल म्हणावा तो एवढाच, आणि तोही बोटे वाचविण्यासाठी!

दोष आजही आहेत. साध्या पोलादाचे पाते दगडावर चटकन धार घेते, पण ओले ठेवल्यास गंजते. पावसात मूठ फुगून पाते आत अडकते. मग मुठीचे टोक कठीण पृष्ठावर ठोकून ते बाहेर काढावे लागते. मुठीस जवसाचे तेल चोळल्यास हा त्रास कमी होतो. लाकूड फोडण्यासाठी मात्र घडीचा चाकू वापरूच नये. त्याकरिता स्वीडनमधील मोरा परिसरात १८९१ पासून कारखान्यात बनू लागलेल्या, अचल पात्याच्या स्वस्त चाकूंची परंपरा आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८५ साली ओपिनेलचा उत्तम रचनेच्या वस्तूंत गौरव केला. परंतु त्याची खरी कसोटी शेतात आधीच झाली होती. बालपणी आमच्या माळव्यात गाडिया लोहारांची बिऱ्हाडे येत. विळा नीट निघाला नाही, तर पुढल्या वर्षी त्याच दारी त्यांना जाब द्यावा लागे. कारागीर आणि वापरणारा एकमेकांस ओळखत असले, म्हणजे वस्तू स्वस्त असूनही टिकते, असे मला वाटते.

नातवाने अखेर आठ क्रमांकाचा चाकू घेतला. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी मुठीस जवसाचे तेल लावले. कडी फिरविल्यावाचून काही कापणार नाही, असे वचन मी माझे तर्जनीचे बोट दाखवून त्याच्याकडून घेतले.