इतिहास खोडण्याचा इतिहास

“सर, हिस्ट्री डिलीट करू का?”

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या संगणकखोलीत आठवीतल्या एका पोराने मला हा प्रश्न केला, आणि मी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. पंधरा-सोळा वर्षे इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याहून सरळ प्रश्न कोणी विचारला नसेल! माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्था गावची, शाळा विनाअनुदानित, म्हणून निभावते. संगणकाची किल्ली माझ्याकडे आली तीही दुसरे कोणी घेईना म्हणून. हेडमास्तरांचा हुकूम होता, सुट्टीआधी बाराही यंत्रांतला इतिहास साफ करा, पालकसभेला लोक येतात, उगाच बोभाटा नको.

पोरांना घरी पाठवून मी एकटाच कामाला बसलो. सातव्या यंत्रावर पत्त्याच्या चौकटीत सहज एक अक्षर दाबले, तर खाली जुन्या शोधांची ओळ उमटली. रोमन लिपीत मराठी लिहिलेले होते: अठराच्या आत मुलीचे लग्न लावले तर कोणाला सांगायचे. त्याखाली दुसरी ओळ: सांगणाऱ्याचे नाव घरी कळते का.

त्या दिवशी त्या यंत्रावर पाच-सहा मुली बसून गेल्या होत्या. ही ओळ कोणाची, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि शोधू नये असेही वाटले. बाकीच्यांबरोबर मी तीही ओळ पुसली, बाराही यंत्रे साफ केली, आणि कुलूप लावून समाधानाने घरी गेलो. ते समाधान किती पोकळ होते हे चौथ्या दिवशी समजले. पण ती हकीकत सांगण्यापूर्वी या खोडाखोडीचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. तो मला स्वतःलाही तेव्हाच, त्या फजितीनंतर, वाचावा लागला.

आमच्या लहानपणी घरात आलेली पत्रे तारेला ओवून ठेवीत. कोपरा फाडलेले कार्ड तेवढे वाचताक्षणी फाडून टाकीत, कारण त्यात मरणाची बातमी असे. कोणते ठेवायचे व कोणते फाडायचे हे घरातल्या माणसांच्या हाती होते. अर्थात फाडा म्हणून लिहिले की कागद फाडला जातोच असे नाही. पेशवाईच्या छापील पत्रव्यवहारात, वाचून फाडून टाकावे असे बजावलेली पत्रे आपण आज मोठ्या आवडीने वाचतो. कोणी तरी ती फाडली नाहीत, म्हणूनच आम्हां इतिहासवाल्यांची चूल पेटते.

संगणकावर आपण जिथे जिथे गेलो त्याची नोंद ठेवावी, ही कल्पना मुळात कोणाच्या पाळतीसाठी निघाली नव्हती. १९४५च्या जुलैत व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘अटलांटिक मंथली’ मासिकात एक लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या साऱ्या युद्धसंशोधनाची सूत्रे याच गृहस्थाकडे होती. त्याने ‘मेमेक्स’ नावाच्या एका मेजाची कल्पना मांडली. मेजात सूक्ष्म छायाचित्रांवर उतरवलेली पुस्तके असावीत, आणि वाचणारा एका पानावरून दुसऱ्यावर जाईल तशी त्याची पायवाट मेजाने जपून ठेवावी. त्याचे उदाहरण असे: एक मनुष्य धर्मयुद्धांच्या काळातले तुर्की आखूड धनुष्य इंग्लिश लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले याचा शोध घेतो आहे. ही पुस्तके चाळताना पडलेली पायवाट वर्षांनंतरही बुजत नाही, आणि मित्राने विचारले तर ती उचलून त्याच्या हाती देता येते. मेज कधी बनले नाही. पण न बुजणे हा बुशच्या लेखी पायवाटेचा गुण होता, दोष नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत वेबची योजना मांडली, आणि १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी ‘मोझेक’ नावाचा ब्राउझर काढला. न पाहिलेला दुवा निळा, पाहिलेला जांभळा, ही रीत सर्वतोमुखी झाली ती त्याच्या सुमाराला. मोझेक आपली भटकंती एका फायलीत लिहून ठेवी. म्हणून यंत्र बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केले तरी जांभळे ते जांभळेच राही. अनोळखी रानात झाडाला खूण करीत जावे तसला हा प्रकार. त्यात वाईट काय होते? जोवर रान आपले एकट्याचे होते तोवर काहीच नाही.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५पासून, विदेश संचार निगमाच्या तारेवरून. आमच्या तालुक्याला ते पोहोचायला पुढची पाच-सहा वर्षे गेली, आणि आले ते सायबर कॅफेच्या रूपाने. प्लायवुडचे खुराडे, त्याला पडदा, आत दोन माणसे कोंबून बसलेली, आणि मालक घड्याळ लावून बाहेर. निकालाच्या दिवशी रांग लागे. पत्त्याच्या चौकटीत एक अक्षर दाबावे तो आधीच्या गिऱ्हाइकांची सारी वंशावळ खाली उलगडे. गावातले कोण नोकरी शोधते, कोण पोरगी शोधते, कोणाला कसला आजार, हे मालकाला न विचारता कळे. शहाणी गिऱ्हाइके उठताना इतिहास पुसून जात. पण त्या काळच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘इंडेक्स डॅट’ नावाच्या फायली असत. वरून इतिहास पुसला तरी त्यांच्यात जुने पत्ते मागे उरत, आणि विंडोज चालू असेपर्यंत त्या साध्या रीतीने काढूनही टाकता येत नसत. त्या फायली पुसण्यासाठी वेगळे कार्यक्रम निघाले, आणि लोकांनी ते पैसे मोजून घेतले. पाटी पुसायला दुसरी पाटी विकत घ्यावी, तसे.

सरकारचे धोरण तर नेमके उलटे होते. ११ एप्रिल २०११च्या सायबर कॅफे नियमांनुसार गिऱ्हाइकाने कोणती संकेतस्थळे पाहिली याची नोंद मालकाने किमान एक वर्ष जपून ठेवली पाहिजे. खुराड्याची भिंतही जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच असता कामा नये! म्हणजे गिऱ्हाईक आत बसून पुसतो आहे, आणि बाहेर मालक कायद्याने तेच जपतो आहे.

जांभळ्या रंगाची कथा याहून चमत्कारिक. एखाद्या पानाने आपल्या पोटात हजार दुवे लपवून ठेवावेत आणि ब्राउझरला हळूच विचारावे, यांतले जांभळे कोणते? ब्राउझर भाबडेपणाने उत्तर देई. हे छिद्र २००० सालापासून जाणकारांना ठाऊक होते, पण बुजवायला दहा वर्षे लागली. दरम्यान ज्यांना धंदा करायचा त्यांनी केला. ‘एपिक मार्केटप्लेस’ या अमेरिकन जाहिरात कंपनीने याच वाटेने लोकांची भटकंती हुंगली. वंध्यत्व, रजोनिवृत्ती, कर्ज, दिवाळखोरी यांची पाने कोण पाहून आले, हे तिला जाणून घ्यायचे होते. २०१२च्या डिसेंबरात तिथल्या व्यापार आयोगाने तिच्यावर कारवाई केली. आणि छिद्र बुजवले ते कसे? २०१०मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी तोड काढली ती अशी, की पानाने रंग विचारला तर ब्राउझरने सरळ सांगावे, सगळे निळेच आहेत. धर्मराजाने तरी ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणून आडपडदा ठेवला होता; इथे निखळ खोटे बोलायला शिकवले, आणि तेच पुण्य ठरले. गूगलच्या क्रोमने तर २०२५मध्ये एका स्थळावरून पडलेला जांभळा रंग दुसऱ्या स्थळावर दिसणेच बंद केले.

‘कुकी’ नावाच्या चिठ्ठ्यांविषयी फार लिहीत नाही. एवढेच, की २०१०मध्ये सॅमी कामकार याने ‘एव्हरकुकी’ म्हणून एक करामत दाखवली. ती चिठ्ठी यंत्राच्या अनेक कोपऱ्यांत आपल्या प्रती ठेवी. एक पुसली की उरलेल्यांतून ती पुन्हा उभी राही. रक्तबीज दैत्याची गोष्ट पोरांना सांगताना मी आता हे उदाहरण देतो. आणि आपण ‘इन्कॉग्निटो’ नावाची काळी खिडकी उघडतो, ती आपल्याच यंत्रावरची नोंद तेवढी टाळते. त्या खिडकीतूनही गूगल माहिती गोळा करते, असा दावा अमेरिकेत २०२०मध्ये दाखल झाला, आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले. एवढ्या नोंदी होत्या, हे लोकांना तेव्हा कळले.

मी कादंबऱ्याही लिहितो. विहिरीत पडलेले प्रेत किती दिवसांनी वर येते, उंदराच्या औषधाला वास असतो का, खोटे खरेदीखत कसे करतात, असली माझी शोधयादी आहे. ती फौजदाराच्या हाती पडली तर दिवाळी अंकाच्या संपादकांना जामीन राहावे लागेल. २००६ साली ‘एओएल’ कंपनीने सुमारे साडेसहा लाख माणसांचे दोन कोटी शोध अभ्यासकांसाठी खुले केले. नावे काढून आकडे घातले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी नुसत्या शोधांवरून एका वृद्ध बाईचे घर हुडकून काढले. माणूस जे कोणाला विचारत नाही ते त्या चौकटीत विचारतो, आणि तेवढ्यावरून तो ओळखू येतो.

आता आमच्या शाळेकडे वळतो. बाराही यंत्रांवर शाळेचे एकच गूगल खाते उघडलेले असते, आणि तेच खाते ऑफिसमधल्या भाऊसाहेबांच्या फोनवर. मी यंत्रांवरची नोंद पुसली. शोधांची नोंद त्या खात्यात, कंपनीच्या घरी, तशीच राहिली. २०२०नंतर उघडलेल्या खात्यांतून ती अठरा महिन्यांनी आपोआप जाते, पण आमचे खाते त्याआधीचे. चौथ्या दिवशी भाऊसाहेबांनी फोनवर काही शोधायला चौकट उघडली, आणि त्या दोन ओळी वर आल्या. मनुष्य वाईट नाही. पण त्यांनी ती गोष्ट चहाच्या टपरीवर गंमत म्हणून सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत दोन घरांत मुलींना दरडावून झाले.

“भाऊसाहेब, अहो हे काय केलंत?” मी म्हणालो.

“सर, मला काय ठाऊक? फोनवर आपलं आपण आलं,” ते म्हणाले. खरेच होते ते. खाते शाळेचे, यंत्रे माझ्या ताब्यात, आणि खोडायचे कुठवर हे ठाऊक नसताना कुलूप लावून गेलेला मीच. आम्ही दोघांनी बसून खात्यातली नोंद काढली. शोधाशोध करायला तासभर लागला, इतक्या आत ती दडलेली होती.

शाळा उघडल्यावर आठवड्याने नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत ओट्यावर आली. तिचे गाव मी लिहीत नाही, आणि इतर काही खुणाही बदलल्या आहेत.

“सर, कॉम्प्युटरवर आपण टाकलेलं कुणी वाचतं का?”

नाही म्हणावे असे फार वाटले. मी म्हणालो, “वाचतं गं. मी वाचलं होतं.”

ती बराच वेळ खांबाला टेकून उभी राहिली. मग मी माझा फोन काढला, १०९८ हा आकडा दाबला आणि फोन तिच्या हाती दिला. ती दहा मिनिटे बोलली; मी पाठ करून उभा होतो. फोन परत देताना म्हणाली, “सर, तो नंबर पुसून टाका.” मी पुसला. तिने फोन माझ्या हातातून घेतला, यादी स्वतः वरून खाली आणि खालून वर सरकवून पाहिली, आणि मग दिला.

मुलगी यंदा दहावीत आहे. संगणकखोलीत ती सातव्या यंत्रावर बसत नाही.