ई-पीक पाहणी : प्रवेशपद्धतीची घडण

शेतकऱ्याने सातबाऱ्यावरचा पीकपेरा मोबाइल ॲपमधून स्वतः नोंदवण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. महसूल व कृषी विभागांच्या या संयुक्त प्रकल्पाचे ॲप टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झाले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर वापरात आले. त्याआधी गाव नमुना बारामधली ही नोंद तलाठी घेत असे.

या ॲपला पासवर्ड नाही. मोबाइल क्रमांक देऊन विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडायचे आणि नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांकावरून खातेदार शोधायचा. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या डाळिंब बागायतदाराला आपला गट क्रमांक तोंडपाठ असतो. नवे काही लक्षात ठेवावे लागत नाही. पुढे चार अंकी संकेतांक लागतो. तो संदेशाने आला नाही, तर ‘संकेतांक विसरलात?’ दाबल्यावर पडद्यावरच दिसतो. बँकेच्या ॲपमध्ये हा गंभीर दोष ठरला असता. इथे मात्र तो निर्णय शहाणपणाचा आहे, कारण खरी पडताळणी शेतात होते: पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशांसह जागेवरच काढावा लागतो. रेंज नसेल तर माहिती साठवून नंतर पाठवता येते.

सातबारा एकाच्या नावे आणि स्मार्टफोन दुसऱ्याच्या हाती, ही घरोघरची स्थिती. बारामतीच्या जिरायती सुपे-मोरगाव भागात काय किंवा नीरा डाव्या कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात काय, वारसाने नाव लागलेली आई आणि फोन वापरणारा मुलगा असे चित्र दिसते. एक फोन म्हणजे एक माणूस, असे धरून बांधलेले ॲप इथे पहिल्याच पायरीवर अडले असते. म्हणून एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंद करायची मुभा सुरुवातीलाच होती. पुढे ती मर्यादा वाढली. सामाईक खातेदारालाही आपल्या वहिवाटीतल्या क्षेत्रापुरती नोंद करता येते.

पहिल्या वर्षीच्या अनुभवातून व सूचनांतून सुधारलेली दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ रोजी आली. फोटोची जागा गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहे, हे ती दाखवू लागली. चूक ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय झाली. शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य ठरले आणि तलाठ्याकडे १० टक्के नोंदींची तपासणी उरली.

रब्बी २०२४-२५ पासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हे पद्धतीनुसार पाहणी राज्यभर होते. तिच्यासाठी गावोगाव सहायक नेमले आहेत. शेतकऱ्यांकडून राहिलेल्या गटांची नोंद ते करतात.