गाडी कोणाची? जो दुरुस्त करतो त्याची! चेतक ते ई-लुना

मी बोलतोय टेंभुर्णीवरून. सोलापूरची नव्हे हं, आपली जाफ्राबाद तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, इलेक्ट्रिक घेऊ का पेट्रोल?" उत्तर देतो, पण त्याआधी चाळीस-पन्नास वर्षं मागं जावं लागेल. कारण आपल्या भागात कोणती गाडी टिकली आणि कोणती गेली, याचं कारण शोरूममध्ये सापडत नाही. ते गावातल्या गॅरेजमध्ये सापडतं.

नंबर लावायचा काळ

१९७२ साल. पुण्याच्या बजाज ऑटोनं चेतक आणली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. त्याच साली पुण्याच्याच कायनेटिकनं लुना आणली. ५० सीसीचं इंजिन आणि पायडल. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी या!

तेव्हा किती गाड्या बनवायच्या हे कंपनी ठरवत नव्हती, सरकारचं लायसन्स ठरवायचं. मागणी डोंगराएवढी आणि उत्पादन मोजकं. त्यामुळं स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. लग्नाच्या बोलणीत स्कूटर मागितली जायची, ही त्या काळाची काळी बाजूही विसरू नका.

चेतकमध्ये खास काय होतं? माझ्या मते, तिचा साधेपणा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल टाकायचं. सुरू होईना, तर गाडी तिरपी करायची आणि किक मारायची. तरी होईना, तर प्लग पान्यानं प्लग काढा, काजळी घासा, परत लावा. पुढचं चाक पंक्चर झालं तरी स्टेपनी तीच, मागचं झालं तरी तीच. दोन-चार पाने, एक पेचकस आणि पक्कड, एवढ्यात रस्त्यावर काम व्हायचं. मालकच अर्धा मिस्त्री होता!

१९८५ : एकाच साली दोन गोष्टी

आता आपल्या भागाकडं या. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याआधी आपला तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्याच औरंगाबादजवळ वाळूजला ५ नोव्हेंबर १९८५ रोजी बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते. मराठवाड्याला नुसत्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत. सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने आले, आयटीआय झालेल्या पोरांना दार उघडलं. पुढच्याच वर्षी एम-८० आली. दुधाच्या कॅन लटकवलेली एम-८० ज्यानं पाहिली नाही, त्यानं गाव पाहिलंच नाही, असं मी म्हणतो.

पण त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. फोर-स्ट्रोक. ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि ॲव्हरेज असं की लोकांचा विश्वास बसेना.

आणि इथं स्कूटर हरायला लागली. लोक म्हणतात मायलेजमुळं. बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण आपल्या पायाखाली आहे: काळी माती! पावसाळ्यात शेतरस्त्यावर दहा इंची चाकाची स्कूटर घाला. मडगार्डमध्ये चिखल गच्च भरतो आणि चाक फिरतच नाही. बाईकचं चाक मोठं, ती निघून जाते. बजाजला हे उशिरा उमगलं. मग बॉक्सर आली, २००१ ला पल्सर आली, आणि पुढं चेतक बंदच झाली.

पाना जाऊन स्कॅनर आला

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं. धूर कमी झाला, चांगलंच झालं. मी त्याच्या विरोधात नाही. पण बाईकमधला कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर आले. पूर्वी मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा. आता मीटरवर दिवा लागतो, आणि तो दिवा काय म्हणतोय ते वाचायला स्कॅनर लागतो. तीस वर्षांचा अनुभव हातात असून गावचा मिस्त्री म्हणतो, "शोरूमला न्या." म्हणजे दुरुस्तीसाठी तालुक्याला नाहीतर जालन्याला, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. गाडी आपली, पण चावी दुसऱ्याकडं!

हे सरकारलाही दिसलंय. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्यात मोबाईल आणि शेती अवजारांबरोबर वाहनंही आहेत. त्याच डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलनं गाडी सुरू होत नाही. माहिती आणि सुटे भाग गावापर्यंत यायला पाहिजेत.

मग घ्यायचं काय?

गंमत बघा, चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही ई-लुना होऊन आली. नावं जुनी, पोट नवं. इलेक्ट्रिकमध्ये प्लग नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. बिघडायला भाग कमी. पण बिघडलं तर कंट्रोलर किंवा बॅटरी, आणि तिथं आपला पाना चालत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोजचं येणं-जाणं ठरलेलं असेल आणि घरी रात्री लाईट भरवशाची असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. पण सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा: सर्व्हिस सेंटर किती लांब? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, आणि लेखी आहे का? कंट्रोलर गेला तर किती दिवसांत मिळेल? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर उठा आणि चहा पिऊन घरी या.

आणि गॅरेजवर काम शिकणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी खास. पाने टाकू नका, पण पेटीत एक मल्टिमीटर ठेवा. वायरिंगचा नकाशा वाचायला शिका. स्कॅनर महाग वाटत असेल तर दोघं-तिघं मिळून घ्या. चेतक गावात टिकली ती मिस्त्रीमुळं. ई-लुनालाही गावात मिस्त्री लागणारच आहे. तो शहरातून यायची वाट कशाला बघायची?

पुढच्या भागात काळी-पिवळी जीपवर बोलू. तोवर हेल्मेट घाला, हवा तपासा. राम राम!